बेटावर मला मिळालेलं नाव

आमच्या घरी समुद्र यायचा तो सुक्या बोंबलांच्या वासातून. मुरबाडच्या बाजारातून येताना बाबा बोंबलांची जुडी घेऊन यायचे आणि आत्या ते चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायची. ते तडतडायचे, कडेने काळे पडायचे, आणि तो उग्र खारट वास कुडाच्या भिंतींतून थेट गोठ्यापर्यंत जायचा. नाचणीची गरम भाकरी, मिरचीचा ठेचा आणि भाजलेला बोंबील असला की बाबा एरवीपेक्षा एक भाकरी जास्त खायचे. आमचं घर टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या अगदी मुळाशी. दिवस कलला की खिंडीतून वारा उतरायचा, आणि उतरताना दगडांतून असा काही घुमायचा की आत्या फिरतं जातं थांबवून म्हणायची, "घाट बोलतोय. गप बसा जरा." आम्ही गप बसायचो. घरात माणसं तीनच, बाबा, आत्या आणि मी. माझी आई मला कळायच्या आत गेली. आत्यानेच मला वाढवलं, पण तिला मी आत्याच म्हणायचो. त्यामुळे ज्या हाकेने बाकीची पोरं दिवसातून दहादा घर डोक्यावर घेतात, ती हाक माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलीच नव्हती. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. जे नसतंच त्याची सवयही नसते.

टोकावड्याच्या शाळेत आम्हाला एक मास्तर होते. ते आम्हाला नाणेघाटावर घेऊन गेले होते. वरच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जुन्या काळी व्यापारी त्यात जकात टाकत, असं त्यांनी सांगितलं. "हा माल यायचा कुठून?" असं आम्हाला विचारून त्यांनी स्वतःच खाली, पश्चिमेकडे बोट दाखवलं. कल्याण, सोपारा, वसई, माहीम, डहाणू. ती नावं त्यांनी अशी घेतली की जणू तिथे अजून गलबतं लागत होती. माझ्या डोक्यात ती नावं बसली ती बसलीच. शाळेत उशिरा गेल्यामुळे सातवीची परीक्षा झाली तेव्हा मी विशीला आलो होतो. त्या काळी सातवीवर मास्तर होता यायचं, पण नोकरी लागायला अवकाश होता, म्हणून मी घरी सांगितलं की मी ही बंदरं बघून येतो. एकटाच.

"तिकडं काय हाय?" आत्या म्हणाली. "नुसतं खारं पानी."

"तेच बघायचं हाय."

"आनि तिथले कोळी आपल्यातले नाय हां. ते पान्याचे कोळी, आपन डोंगराचे. नाव एक, म्हनून कोनाच्या घरात शिरू नको."

बाबांनी खुंटीवरची घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली, एवढंच. मी हे शहापुरात, मुलाच्या घरी, खिडकीशी बसून लिहितो आहे, आणि खालच्या रस्त्यावरून घाटाकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. आज तो सगळा प्रवास लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन करतील. मला मात्र भाताच्या बैलगाडीबरोबर चालत कल्याण गाठावं लागलं, आणि तिथून जळाऊ लाकूड भरून वसईला निघालेल्या पडावात जागा मिळाली.

खाडीत पाणी उलटं वाहताना मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या नद्या एकाच दिशेला जातात. इथे दुपारपर्यंत आम्हाला पुढे नेणारं पाणी थांबलं, थोडा वेळ काचेसारखं निश्चल राहिलं आणि मग सावकाश आम्हाला मागे ढकलू लागलं. मी कडेला बसून ते बघत होतो, आणि पडावाचा तांडेल, एक पांढऱ्या भुवयांचा माणूस, मला बघत होता.

"कुठला रे तू?"

"टोकावड्याकडचा. मुरबाड तालुका."

"मग दुसऱ्याचं तोंड घेऊन का फिरतोस?"

मी हसलो. तो हसला नाही. नांगर टाकून, माझ्याकडे पाठ करून, ओहोटीची वाट बघत बसला.

वसईचा किल्ला मी भर उन्हात पाहिला. छप्पर नसलेली पोर्तुगीजांची देवळं, त्यांच्या उंच भिंतींतून पिंपळाची मुळं खाली आलेली, आणि जमिनीतल्या फरशांवर मला न वाचता येणारी अक्षरं. एका फरशीवर बराच वेळ उभा राहिल्यावर लक्षात आलं की खाली माणूस पुरलेला आहे. मी बाजूला झालो, तर तिथेही फरशी होती. सगळीकडेच होत्या. माणसाचा आवाज नाही, फक्त साळुंक्या, आणि त्याही मध्येच एकदम गप व्हायच्या. बाहेर बाजारात आलो तेव्हा माणसांत आल्यासारखं वाटलं. एका मासळीवालीच्या पाटीशी थांबलो. तिने मान वर केली आणि तिचा हात माशावरच राहिला.

"जरा पाय पुढं कर," ती म्हणाली.

मला वाटलं पायाखाली काही आलं. मी पाय पुढे केला. तिने माझी बोटं कुठल्या दिशेला आहेत ते नीट बघितलं, मग दुसऱ्या पायाचीही बघितली. तिचा श्वास सुटला. मूठभर सोडे कागदात बांधून तिने माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "जा बाबा. मागं बघू नको." भुताचे पाय उलटे असतात हे आमच्याकडेही मानतात. ती माझ्यात काय शोधत होती ते कळायला मला तिथे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे सोपारा. मास्तरांनी ज्याच्यासाठी बोट लांब केलं होतं ते बंदर मी शोधत राहिलो आणि मला सापडल्या त्या बागा. केळी, पानवेली, रहाटाची कुरकुर. माडांच्या मधोमध विटांचा एक मोठा ढिगारा होता आणि त्याच्या पोटात कोणीतरी खणून ठेवलेला खड्डा. पाटाचं पाणी वळवणाऱ्या म्हाताऱ्या बागाईतदाराला मी विचारलं, बंदर कुठे आहे. तो म्हणाला, "तू उभा आहेस तिथंच. समुद्र उठून गेला." इतक्या साध्या आवाजात, जसं शेजारचं बिऱ्हाड गेल्याचं सांगावं. आम्ही बोलत असताना रस्त्याने सायकलवरून एक माणूस चालला होता. त्याने मला पाहिलं, एक पाय टेकवून थांबला, आणि मग जोरात पायडल मारत आगाशीच्या दिशेने गेला. मलाही तिकडेच जायचं होतं. आगाशीत पोचलो तेव्हा ओट्यांवर माणसं उभी होती. कोणी मला काही विचारलं नाही. मी जवळ आलो की बोलणं थांबायचं, पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायचं. परत फिरावं असं मनात आलं होतं. पण मागेही तीच माणसं होती.

अर्नाळ्याच्या वाळूवर माझी वाट बघत एक घोळका उभा होता. समोर पाण्यात बेट, त्यावर किल्ल्याचे काळे बुरूज. घोळक्यातून एक रुंद खांद्यांचा, साठीकडे झुकलेला माणूस पुढे आला. त्याचं नाव हरबा.

"चल," तो म्हणाला. "आय वाट बघते."

"मी तुमच्यातला नाय. मी लखू. मुरबाडकडचा."

"ठाव हाय," हरबा म्हणाला. "तरी चल."

ते 'ठाव हाय' मला आजही ऐकू येतं. तो चुकला असता तर मी त्याची चूक दुरुस्त करून निघून आलो असतो. पण त्याला सगळं माहीत होतं, घोळक्यालाही माहीत होतं, आणि तरीही बायाबापड्या माझ्याकडे अशा बघत होत्या की नाही म्हणायला तोंड उघडेना. शिवाय मला किल्ला बघायचा होता. मी होडीत बसलो. वल्ही मारता मारता हरबाने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. बेटावर त्याची विधवा बहीण राहते. तिचा एकुलता मुलगा जानू आदल्या पावसाच्या तोंडाशी समुद्रात गेला. हरबाच्याच होडीवर होता तो. अंग मिळालं नाही. अंग मिळालं नाही म्हणून बहीण म्हणते, तो गेलेलाच नाही.

"तू दोन घास खा तिच्या हातचे. तेवढंच."

घर किल्ल्याच्या तटाला लागून होतं. म्हातारी दारात उभी होती, बारीक, ताठ. रडली नाही, धावली नाही. जणू मी सकाळीच बाहेर गेलो होतो अशा आवाजात म्हणाली, "आयलास जानू? पाय धू. जेवान निवतं."

तांदळाची पातळ भाकरी आणि आंबट कालवण. तिने माशातला काटा न् काटा काढून मांस माझ्या ताटात ठेवलं. "ल्हानपनी तुझ्या गळ्यात काटा अडकलावता," ती म्हणाली. मी मान खाली घालून जेवलो. मागच्या दाराशी हातभर हिरव्या बांगड्या भरलेली एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती जानूची बायको, हिरा. तिने तांब्या ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दाराबाहेर एक तांबडं कुत्रं होतं. त्या बेटावर तेवढं एकच मला नवखा समजत होतं. अंगणाच्या कडेला बसून ते माझ्यावर भुंकायचं आणि मी पाऊल पुढे टाकलं की तेवढंच मागे सरायचं.

परतायचं म्हटलं की हरबा म्हणायचा, "वारा फिरला की." वारा फिरला की ओहोटी असायची. ओहोटी सरली की होडी धक्क्याला नसायची. मला जानूची बंडी दिली होती. ती खांद्यात अशी बसली की माझ्या मापाने शिवली असावी. शेजारपाजारचे लोक येता-जाता मोठ्याने "काय जानू" म्हणायचे, म्हातारीला ऐकू जाईल असं, आणि मग नजर वळवायचे. पोरं मात्र काहीच म्हणायची नाहीत. ती तटावर ओळीने बसून मला बघायची. मी चिडायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला ते घर गोड लागू लागलं होतं. भर दुपारी, सगळं बेट उन्हाने पांढरं पडलेलं असताना, म्हातारी दारातून "जानूऽ" अशी हाक लांबवायची आणि मी हातातलं काम टाकून उठायचो. एके दुपारी मी हंडा उचलून किल्ल्यातल्या गोड्या विहिरीवर गेलो, पाणी भरून आणलं, हंडा उतरवला आणि तसाच उभा राहिलो. ती विहीर मला कोणी दाखवली नव्हती. वाट मी विचारली नव्हती. बाहेर कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात माझं नाव घोकू लागलो. लखू, टोकावड्याकडचा. लखू.

हिरा माझ्याशी बोलली ती ओहोटीच्या वेळी, खडकांवर. ती कालवं फोडत होती. मी होडी येतेय का ते बघायला आलो होतो. तिने हातातली कोयती थांबवली नाही.

"तुमी लखू ना? मी तुमाला त्याच नावानं बोलवनार."

मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच ओल्या खडकावर बसलो.

"माझा बाप दोनदा न्यायला आयला," ती म्हणाली. "सासूनं परत धाडला. म्हनते, लेक घरी येईल तवा घरात बायको नको? आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लगीन व्हतं. माझं वय काय हाय? पन नवरा मेला असं कोनी म्हनतच नाय तर पाट कसा लागल? आनि आता तुमी आयलात. आज सांजच्याला ती आपलं दोघांचं अंथरूण आतल्या खोलीत घालनार हाय. मला सकाळी सांगितलं तिनं. फुलं आनायला सांगितली."

"मी जाऊन सांगतो तिला. मी जानू नाय म्हनून."

"ते मी तिला सांगितलं. पहिल्याच दिशी. तिला ऐकूच येत नाय ते." तिने कोयती खाली ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरली आणि मला दिसलं की तिलाही ते सोपं नव्हतं. "तुमी जानू म्हनूनच बोला. फकस्त सांगा, मी गेलो. तुमच्या तोंडचं ती ऐकल."

जिवंत माणसाने 'मी मेलो' म्हणायचं. आमच्याकडे चेष्टेतही कोणी तसं बोलत नाही. मी बाजूच्या कोरड्या खडकावर हात टेकून उठायला गेलो, पण उन्हाने तो असा तापला होता की परत बसलो. मी तिला विचारलं, तो कसा बोलायचा. ती म्हणाली, "थोडं."

म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. हिरा आतल्या दाराशी उभी राहिली. बाहेरच्या दारात हरबा मासळीची टोपली घेऊन आला होता, तो तसाच थांबला. म्हातारीची बोटं सुपातून फिरत होती. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, दोन वाक्यं. त्यातलं पहिलंच अक्षर निघेना. मग निघालं.

"आये."

"काय रं?"

"आये, मी आता येनार नाय. मी गेलो."

बोटं फिरत राहिली.

"पानी गार व्हतं," मी म्हणालो. हे मी ठरवलेलं नव्हतं. "मामानं माझा हात धरला व्हता. मीच सोडवला. नायतर होडी उलटली आसती. हिराला आता जाऊ दे."

दारात टोपली खाली आदळली. मासे जमिनीवर पसरले आणि ते कोणी उचलले नाहीत. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या तळव्यांना तांदळाची धूळ होती. माझ्याकडे बघून, पण माझ्याही पलीकडे बघून ती म्हणाली, "तहान लागली व्हती का रं तुला? एवढ्या पान्यात?"

"नाय, आये."

"मंग बरं," ती म्हणाली. "मंग बरं."

 तिने हात काढले, पदराने ते पुसले, आणि जेव्हा पुन्हा माझ्याकडे बघितलं तेव्हा तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. पहिल्यांदाच थांबली.

"तुझं नाव काय, पोरा?"

"लखू."

"कुठचा?"

"डोंगराकडचा. मुरबाड तालुका."

"लांबचा हायस," ती म्हणाली. मग आवाज न चढवता आत सांगितलं, "हिरा, तुझ्या बापाला निरोप धाड. आनि याला जेवू घाल. होडी हाय आज." त्या जेवणात काटे कोणी काढून दिले नाहीत. माझे मीच काढले.

पुढे मी शेणव्याला मास्तर असताना अर्नाळ्याकडचा एक सुक्या मासळीचा व्यापारी यायचा. त्याच्याकडून कळलं की हिराचा वर्षभरात पाट लागला, मुलंबाळं झाली आणि मोठ्या मुलाचं नाव तिने जानू ठेवलं. म्हातारी मग फार वर्षं राहिली नाही. माहीम आणि डहाणूही मी नंतर पाहिलं, नोकरी लागल्यावर, बायकोला घेऊन. तिथे मला कोणीच ओळखलं नाही, आणि मी सुटकेचा श्वास टाकला तर बायको म्हणाली, काय झालं. हे तिला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विहिरीबद्दल विचारलं असतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी गणित शिकवलं आयुष्यभर. मला वाटायचं, बायका हंडे घेऊन जाताना मी पाहिल्या असतील, वाट तशी सरळच असेल. असेलही.

त्या दिवशी आमची होडी धक्क्यापासून सुटली तेव्हा मागे रडणं सुरू झालं. आधी म्हातारीचं, मग घराघरांतून, मग सगळ्या बेटावरून. वर्षभर ज्यांनी आवाज दाबून धरला होता ते सगळे एकदम मोकळे झाले. किल्ल्याच्या भिंतींवर तो आवाज आपटून पाण्यावर यायचा. मी जानूची बंडी काढून ठेवली होती, उघड्या अंगावर घोंगडी घेतली होती, आणि त्या उन्हात मला थंडी वाजत होती. हरबा वल्ही मारत होता. मधल्या पाण्यात आल्यावर त्याने वल्ही वर उचलून धरली.

"हाताचं तुला कोनी सांगितलं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "हिरा बोलली असंल."

"हिराला ठाव नाय. मी कोनालाच बोललो नाय." वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. "आनि त्यानं सोडवला नाय हात. मी सोडला."

दुसऱ्या कोणाचं काही माझ्या तोंडून पुन्हा निघेल याची मला भीती वाटत होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मग त्याने वल्ही पाण्यात घातली.

अर्नाळ्याला होडी वाळूपर्यंत जात नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. हरबा आधी उतरला आणि त्याने मला उतरवायला हात पुढे केला. त्या हाताकडे बघून मी थबकलो, तोही थबकला. मग मी तो धरला. मी पाण्यात उतरलो, लाटांतून चालत आम्ही वर आलो, पायांना कोरडी वाळू लागली, तरी त्याने माझा हात सोडला नाही.